काट्यांपुरता उजेड

रात्री समुद्रावर समोरून येणारी लहान बोट किती आधी दिसते, याचा हिशेब कागदावर सोपा आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार 12 मीटरपेक्षा कमी लांबीच्या बोटीचे लाल आणि हिरवे बाजूचे दिवे किमान एका सागरी मैलावरून दिसायला हवेत. दोन बोटी प्रत्येकी 8 नॉटच्या वेगाने एकमेकींवर चालून येत असतील, तर हा मैल पावणेचार मिनिटांत संपतो. आता डोळ्याचा हिशेब पाहा. लख्ख उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्याला ठीकठाक दिसू लागायला दहाएक मिनिटे लागतात आणि अंधार पुरता अंगवळणी पडायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त. केबिनमध्ये मीटर बघायला तांडेलाने मोबाइलचा टॉर्च लावला आणि नेमकी त्याच वेळी ती बोट मैलावर आली, तर पुढची पावणेचार मिनिटे तिच्याकडे बघणारा माणूस अर्धा आंधळा असतो.

हा झाला नियमाप्रमाणे दिवे लावलेल्या बोटीचा हिशेब. वल्ह्यांनी चालणाऱ्या होडीला आणि 7 मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीला दिवे लावणे शक्य नसेल, तर हाताशी बॅटरी तयार ठेवून ऐनवेळी दाखवण्याची मुभा तोच नियम देतो. आपल्या किनाऱ्यालगत अशा होड्या असतात, आणि जाळ्यांचे बोयेही पाण्यावर तरंगत असतात. ते दिसतात ते फक्त अंधाराला सरावलेल्या डोळ्यालाच. म्हणून बोटीच्या पॅनेलवर मंद दिवे बसवणे ही मला हौसेची नव्हे, जिवाच्या काळजीची गोष्ट वाटते. ज्यांच्या घरचे माणूस रात्री समुद्रावर असते, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

यांत्रिक मच्छीमार बोटीच्या केबिनमध्ये बघायचे असते तरी काय? इंजिनचे फेरे, ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान, बॅटरीचे व्होल्ट, डिझेल आणि समोर होकायंत्र. जीपीएस, फिश फाइंडर आणि वायरलेस सेट स्वतःच्या उजेडावर चालतात, ते वेगळे. मीटरच्या मागचा छोटा बल्ब मात्र खाऱ्या हवेत होल्डर गंजून कधीतरी जातो आणि मग तो बदलायचा राहतो. त्याची जागा छताची एलईडी पट्टी घेते किंवा खिशातला मोबाइल. काटे अगदी स्वच्छ दिसतात, आणि काचेपलीकडचा समुद्र नाहीसा होतो.

असे का होते, हे डोळ्याच्या रचनेत आहे. पडद्यावर सुमारे बारा कोटी दंडपेशी आणि साठ-सत्तर लाख शंकुपेशी असतात. शंकुपेशी दिवसाच्या. रंग आणि बारकावे त्या टिपतात, आणि अंधार झाला की त्यांचे काम थांबते. रात्र सांभाळतात त्या दंडपेशी. त्यांच्यातले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेड पडताच फिके पडते आणि पुन्हा तयार व्हायला वेळ घेते. बाहुली क्षणात मोठी होते, पण हे द्रव्य घाई करत नाही. ते बनते ‘अ’ जीवनसत्त्वापासून, म्हणून त्याच्या अभावाने रातांधळेपणा येतो. डोळ्याच्या पडद्यात हे जीवनसत्त्व असते, हे जॉर्ज वाल्ड यांनी 1933 मध्ये दाखवले, आणि दृष्टीच्या रसायनशास्त्रावरील कामासाठी त्यांना 1967 चे नोबेल मिळाले. आणखी एक गोष्ट रात्रीच्या पहारेकऱ्याला माहीत हवी. दृष्टीच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. त्यामुळे मंद दिवा थेट बघितला तर हरवतो आणि किंचित बाजूला बघितले की परत दिसतो. कितीतरी जुने खलाशी हे पुस्तक न वाचता करतात.

दंडपेशींना सर्वांत जास्त भिडतो तो निळसर हिरवा रंग, साधारण 500 नॅनोमीटर तरंगलांबीचा. लाल रंगाच्या खोल टोकाला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. म्हणजे लाल उजेडात शंकुपेशी मीटर वाचतात आणि दंडपेशींना त्याचा फारसा पत्ता लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठातले वॉल्टर माइल्स यांनी याच तत्त्वावर वैमानिकांसाठी लाल काचांचे चष्मे सुचवले. उजेडाच्या खोलीत बसूनही वैमानिकाचे डोळे रात्रीसाठी तयार होत राहत. पाणबुड्यांतही रात्री लाल दिवे लागत. तिथूनच ‘रात्री लाल दिवा’ ही समजूत सगळीकडे पसरली.

ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. लाल उजेडात नकाशावरच्या लाल खुणा पुसल्यासारख्या होतात. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला लाल उजेडात जवळचे अक्षर आणखी धूसर दिसते, कारण डोळ्यातल्या भिंगातून जाताना लाल किरण पडद्याच्या थोडे मागे एकवटतात. लाल रंग कमी दिसण्याचा जन्मदोष असलेल्यांना असे मीटर जवळपास काळेच भासतात. अमेरिकी नौदलाने पुढे पाणबुड्यांत लालऐवजी अगदी मंद पांढरा उजेड स्वीकारला, तो अशाच कारणांनी. माझे मत असे, की पहिला मान मंदपणाला आणि दुसरा रंगाला. भगभगीत लाल दिव्यापेक्षा जेमतेम दिसणारा पिवळसर दिवा केव्हाही बरा. निळ्या उजेडाची फॅशनेबल पॅनेल मात्र रात्रीच्या बोटीत नकोतच. दंडपेशींना सर्वाधिक जाळणाऱ्या रंगाच्या जवळ ती जातात. थंड पांढऱ्या एलईडीचेही तेच, कारण तिच्या पोटात निळी एलईडीच असते.

लाल निवडलाच तर एक पथ्य आहे. बाजारातली साधी लाल एलईडी 620 ते 630 नॅनोमीटरच्या आसपासची असते. 660 ची गडद लाल मिळाली तर दंडपेशींना आणखी कमी त्रास. आणि हा उजेड केबिनबाहेर दिसता कामा नये. डाव्या बाजूचा दिवाही लालच असतो. केबिनच्या काचेतून सांडलेला लाल ठिपका समोरच्या तांडेलाने त्या दिव्यासारखा वाचला, तर तो आपली बोट भलत्याच दिशेला वळलेली समजेल. सूर्यास्तानंतर नियमातल्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा पहारा देणाऱ्याला अडथळा होईल असा दुसरा दिवा दाखवायचा नाही, असे 1972 च्या त्याच आंतरराष्ट्रीय नियमावलीतला विसावा नियम स्पष्ट सांगतो.

आता प्रत्यक्ष काम. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट पुरतात. 12 व्होल्टच्या बोटीत इंजिन चालू असताना 14 च्या आसपास व्होल्ट असतात. उरलेले 12 व्होल्ट रेझिस्टरने खायचे. 2.2 किलो-ओहमचा रेझिस्टर लावला तर साडेपाच मिलिअँपिअर वाहतात आणि मीटरसाठी तेवढे भरपूर होतात. बोट 24 व्होल्टची असेल तर 4.7 किलो-ओहम. प्रत्येक एलईडीला तिचा स्वतःचा रेझिस्टर द्यावा. सगळ्यांना मिळून एकच दिला तर एक जास्त पेटते आणि दुसरी कमी. उलटी जोडली तर एलईडी पेटत नाही, एवढेच. वायर फिरवून जोडायची. जुन्या मीटरमध्ये खाचेत बसणारा बल्ब असेल तर त्याच मापाची एलईडी मिळते, तीही फिरवून बघावी लागते. मीटरला मागून उजेडाची सोय नसेल तर पॅनेलच्या वरच्या कडेला पुढे आलेली छोटी पट्टी ठोकावी आणि तिच्या आत, खाली तोंड करून एलईडी बसवाव्यात. काट्यांवर उजेड पडावा, दिवा मात्र डोळ्याला दिसू नये.

वायर टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी, साधी तांब्याची खाऱ्या हवेत आतून काळी पडत जाते. सांधा सोल्डर करून त्यावर आत डिंक असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवावी. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा हमखास दगा देतो. सुरुवातीलाच 1 अँपिअरचा फ्यूज हवा. ऑइलच्या दाबाचा धोक्याचा दिवा या मंद दिव्यांच्या वायरवर कधीही घेऊ नये. तो पूर्ण तेजानेच लागला पाहिजे, आणि पॅनेल लाल केले असेल तर त्याच्या जोडीला बझरही हवा.

सगळ्यात मोलाची खबरदारी होकायंत्राजवळची आहे. 1820 मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवले की वीज वाहणारी तार चुंबकसुई हलवते. एका तारेतून 1 अँपिअर वाहत असेल तर तिच्यापासून 10 सेंटिमीटरवर 2 मायक्रोटेस्लाचे क्षेत्र तयार होते. आपल्या किनाऱ्यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग सुमारे 38 मायक्रोटेस्ला आहे. तार वाईट बाजूने गेली तर सुई 3 अंशांनी सरकते, आणि 60 मैलांच्या प्रवासात 3 मैलांची चूक होते. यातली धोक्याची गोष्ट अशी, की ही चूक दिवा लावल्यावरच उद्भवते. दिवसा होकायंत्र तपासणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. उपाय मात्र बिनखर्चाचा. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींभोवती वेणीसारखी पिळून न्यायची, दोघींची क्षेत्रे एकमेकांना खोडतात. चार एलईडींना मिळून 22 मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे जुन्या 5 वॅटच्या बल्बपेक्षा त्यांचा उपद्रव तसाही वीस पटींनी कमी. बसवल्यावर दिवा लावून-विझवून सुईकडे बघावे. ती जागची हलली नाही म्हणजे काम नीट झाले.

वीज आणि चुंबक यांचे हे भांडण आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा तिथली उपकरणे बिघडणार हे उघड होते. म्हणून नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभी राहिली आणि 1904 पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. इमारतीत लोखंड टाळले गेले. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ बरोबरीने चालवल्या, म्हणून ती मालिका तुटली नाही. अलिबागहून आज निघणाऱ्या आकड्यांची साखळी थेट 1841 पर्यंत मागे जाते, ही आपल्याकडची अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे आणि ती शाळेच्या पुस्तकांत हवी असे मला मनापासून वाटते.

होकायंत्राजवळ वीज येण्यापूर्वी त्याच्या पितळी घराला बाजूला तेलाचे दिवे असत. 1876 मध्ये पेटंट घेतलेल्या विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या होकायंत्रालाही तसेच. मग रेडियमचा काळ आला. अंधारात आपोआप चमकणाऱ्या तबकड्या रंगवताना न्यू जर्सीच्या कारखान्यातल्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवत आणि प्रत्येक वेळी थोडे रेडियम पोटात जाई. त्यांचे जबडे झिजले, अनेकींचे जीव गेले, आणि 1928 मध्ये त्यांच्या खटल्यात तडजोड झाली. आज चमकणारी पट्टी मिळते ती 1990 च्या दशकात आलेल्या स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची. ती किरणोत्सर्गी नाही आणि स्विचची जागा दाखवायला छान आहे.

मंद करायचा डिमर घेताना वायरलेसची आठवण ठेवावी. बरेच तयार डिमर आणि स्वस्त एलईडी दिवे वीज अतिवेगाने तोडून-जोडून चालतात आणि त्यातून रेडिओ लहरी सुटतात. 2018 मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ वायरलेस आणि जहाजांची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा बहिरी होत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तपासणी सोपी आहे. सेटवरची खरखर जेमतेम थांबेल इतपत स्क्वेल्च फिरवायचा आणि मग दिवा लावायचा. खरखर परत आली तर दिवा दोषी. आणीबाणीची हाक चॅनल 16 वर, 156.8 मेगाहर्ट्झला येते. ती न ऐकू देणारा दिवा कितीही सुंदर असो, बोटीत नको. चार-पाच एलईडींसाठी 10 किलो-ओहमचे साधा फिरता रेझिस्टर पुरतो. त्यात तोडजोड नाही, म्हणून खरखरही नाही.

राहिले काचेतले प्रतिबिंब. मोठ्या जहाजांच्या ब्रिजच्या, म्हणजे सुकाणूच्या खोलीच्या, पुढच्या काचा वरच्या बाजूने बाहेर झुकलेल्या दिसतात, ती शोभा नसते. जहाजांच्या सुरक्षेसाठीच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात हा कल 10 ते 25 अंश ठरवून दिला आहे, म्हणजे आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब पहाऱ्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत न येता वर छताकडे जाते. लहान बोटीची काच सरळ असेल तर पॅनेलवर झाकण आणि आतून काळा मॅट रंग हाच उपाय. जीपीएस आणि फिश फाइंडरला ‘नाइट’ची सोय असते, ती वापरावी. नाहीतर मीटर मंद करून काय उपयोग!

1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा वायरिंग निवांत करता येते. पण डिमरची शेवटची जुळवणी दुपारी गोदीत होत नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर पाव लक्सच्या आसपास उजेड असतो आणि चंद्र नसलेल्या रात्री ताऱ्यांचा उजेड त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणून अमावास्येच्या आसपास, इंजिन चालू ठेवून, अर्धा तास अंधारात बसावे. मग काटे जेमतेम वाचता येतील इतक्या खालपर्यंत डिमर फिरवावा आणि त्या जागी गुंडीवर बोटाला लागेल अशी खाच पाडावी. खाच एकच पुरत नाही. साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मुलाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळे पडते. तांडेलाची खाच वेगळी, आणि पहाटेच्या पाळीला सुकाणू धरणाऱ्या पोराची वेगळी.