हातउसने आता मोबाइलवर

पाळी सुटली की चाकणचे रस्ते माणसांनी भरून जातात. यातले कितीतरी जण कंत्राटी. आज या कारखान्यात, उद्या दुसऱ्या. घरात अचानक दुखणे आले की बँक त्यांना पटकन कर्ज देत नाही. मग उरते शेजाऱ्याकडचे हातउसने, सोबत्यांची भिशी, नाहीतर सावकार.

हातउसन्यावर आपण व्याज घेत नाही. इस्लाममध्ये अशा बिनव्याजी कर्जाला ‘कर्ज-ए-हसना’ म्हणतात. ते संस्था उभारूनही देता येते, हे देवबंदच्या मुस्लिम फंडाने १९६१ पासून दाखवून दिले. दागिना तारण ठेवायचा, रक्कम न्यायची. व्याज नाही, फक्त कचेरी चालवण्यापुरता सेवाखर्च. आपल्याकडे लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ साली बार्शीत बिनव्याजी कर्जाचा प्रयोग केला. रिझर्व्ह बँकेने मात्र इस्लामी बँकिंगचा विचार २०१७ मध्ये बाजूला ठेवला. म्हणजे ही वाट मुख्यतः छोट्या पतसंस्थांनाच चालायची आहे.

त्यांच्यासाठी मोबाइल ही केवळ हौस नव्हे. व्याज घेणाऱ्या संस्थेत संगणकाने वाचवलेला पैसा नफ्यात जमा होऊ शकतो. इथे सेवाखर्च प्रत्यक्ष खर्चाइतकाच घ्यायचा असतो. त्यामुळे पावत्या, वह्या आणि वसुलीच्या फेऱ्यांवर वाचलेला रुपया कर्जदाराच्याच पदरात पडायला हवा. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पन्नास रुपयांचा हप्ताही फोनवरून भरता येऊ लागला. गावी गेलेल्या कामगाराचा हप्ता आता चुकायला नको.

पण बाजारातले तयार सॉफ्टवेअर व्याजाच्या हिशेबावर बेतलेले असते. हप्ता थकला की ते आपोआप दंड लावते. ज्या संस्थेचे तत्त्वच ‘अडलेल्याकडून जादा घेऊ नये’ हे, तिने तो रकाना आधी बंद करायला हवा. शिवाय घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात असेल, तर बायकोच्या बचतीचा संदेश कोण वाचणार?

दारावर येणाऱ्या पिग्मीवाल्याला हप्ता का चुकला हे ठाऊक असते. फोनला फक्त तारीख कळते. हिशेब खुशाल यंत्राने ठेवावा. मुदत वाढवायची की नाही, हे मात्र उंबऱ्यावर बसून, माणसाचा चेहरा पाहूनच ठरावे. नाहीतर हातउसन्यातला ‘हात’च निघून जाईल.