सर्व्हरखोलीतून : लेखांक ९ — काळ्या पडद्यावरची छोटी खिडकी

डेस्कटॉप काढून टाकलेल्या सर्व्हरचे फायदे मागच्या आठवड्यात पाहिले. ब्राउझर नाही, मीडिया प्लेअर नाही. म्हणजे त्यांची भोकं बुजवणारे अपडेट नकोत आणि त्यापायी होणारे रीस्टार्टही नकोत. आज त्याची दुसरी बाजू. विंडोजच्या २०२२ च्या आवृत्तीआधी असा सर्व्हर बसवून लॉगिन केलं, की पुढ्यात येई एक काळी कमांड विंडो आणि तीत लुकलुकणारा कर्सर. स्टार्ट मेनू नाही, टास्कबार नाही. ती विंडो चुकून बंद केली तर समोर काहीच उरत नसे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि तिथून तिला परत बोलवायचं.

मायक्रोसॉफ्टने 'सर्व्हर कोअर' हा पर्याय आणला तो २००८ साली, विंडोज सर्व्हर २००८ बरोबर. या यंत्रासमोर कुणी बसणारच नाही, अॅडमिन आपल्या टेबलावरच्या संगणकावरून नेहमीच्या विंडो उघडून दुरूनच कारभार पाहील, अशी कल्पना. पण दुरून जोडायचं तर सर्व्हरला आधी आयपी पत्ता हवा, नाव हवं, तो डोमेनमध्ये यायला हवा, फायरवॉलने वाट द्यायला हवी. आणि हे सगळं करायचं त्याच काळ्या विंडोत. दाराला कुलूप आणि किल्ली घरात, अशी गत.

नुसता आयपी पत्ता द्यायचा म्हटलं, तरी नेटशेलच्या कमांडने आधी नेटवर्क कार्डांची यादी मागवायची, तीतला आपल्या कार्डाचा क्रमांक टिपून घ्यायचा, मग तो क्रमांक, पत्ता, मास्क आणि गेटवे एका लांबलचक ओळीत लिहायचे. डीएनएससाठी पुन्हा वेगळी ओळ. नाव बदलायला नेटडॉम. डीएनएस किंवा डीएचसीपीसारखी भूमिका बसवायला ओसीसेटअप, आणि त्यात मोठ्या-छोट्या अक्षरांत फरक झाला तर ते नाव ओळखतच नसे. सगळ्यात मासलेवाईक प्रकार रिमोट डेस्कटॉपचा. तो चालू करण्यासाठी एका स्क्रिप्टला आकडा द्यायचा शून्य! कारण आतली रजिस्ट्रीतली नोंद 'जोडणी नाकारावी का?' अशी उलटी आहे. शून्य म्हणजे नाकारू नये. नियमाला धरून आहे, पण रात्री अकरा वाजता सर्व्हरखोलीत उभ्या माणसाला हे आठवावं, ही अपेक्षा जरा जास्तच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सर्व्हर कोअरला डेस्कटॉप नसतो, पण खिडक्या काढता येतच नाहीत असं नाही. एक्सप्लोरर, म्हणजे स्टार्ट मेनू, टास्कबार आणि आयकॉन सांभाळणारा कार्यक्रम, तेवढा वगळलेला असतो. खिडकी रंगवणारी खालची यंत्रणा जागेवर असते. म्हणून तर तिथे नोटपॅड उघडतं, तारीख-वेळेची नेहमीची चौकटही उघडते.

याच फटीतून 'कोअर कॉन्फिग्युरेटर' आत आला. हे मायक्रोसॉफ्टचं नव्हे, बाहेरच्या जाणकाराने केलेलं छोटं साधन: एक खिडकी, तीत नाव, नेटवर्क, डोमेन, फायरवॉल, लायसन्स अशी बटणं. २००८ च्या सर्व्हर कोअरमध्ये डॉटनेट नव्हतं, त्यामुळे त्याच्याशिवाय चालेल असंच ते लिहावं लागलं. पुढे २००८ आर-टू आवृत्तीत डॉटनेट आणि पॉवरशेल आले आणि याच नावाची दुसरी, मुक्त स्रोत आवृत्ती पॉवरशेलमध्ये लिहिली गेली. तिच्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट बटणं नव्हेत. बटण दाबल्यावर आत कोणती कमांड चालली, याची ती नोंद ठेवत असे. पहिला सर्व्हर खिडकीतून लावायचा, नोंद उघडून वाचायची आणि पुढच्या दहांसाठी तिचीच स्क्रिप्ट करायची. काम लपवून सोपं करणारी साधनं भरपूर आहेत. असं उघड करणारी थोडी.

सावधगिरीही हवी. असं साधन अॅडमिनच्या पूर्ण अधिकाराने चालतं. धोका कमी व्हावा म्हणून डेस्कटॉप काढायचा आणि मग कुठून तरी उतरवलेली फाइल त्याच यंत्रावर चालवायची, हे काही शहाणपणाचं नाही.

मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं उत्तर आर-टूबरोबर आलं: एसकॉन्फिग. याला ग्राफिकल म्हणवत नाही. आकड्यांची यादी आहे. १ दाबलं की डोमेन, २ म्हणजे संगणकाचं नाव, ७ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ८ म्हणजे नेटवर्क. माउस नाही, रंग नाहीत, आणि तरीही वर सांगितलेली किल्ली हातात देण्यापुरतं सगळं आहे. शून्याचा घोळही नाही: सुरू की बंद, एवढंच विचारतं. माझ्या मते इथेच थांबण्यात त्याची हुशारी आहे. पुढची कामं दुरूनच करायची असतात, मग ती यादीत कोंबायची कशाला?

पूर्वी 'एसकॉन्फिग' हे नाव आठवून टाइप करावं लागे. विंडोज सर्व्हर २०२२ पासून सर्व्हर कोअरवर लॉगिन केल्याबरोबर ही यादीच समोर येते, आणि १५ दाबलं की पॉवरशेल. ज्यांना रोज पॉवरशेलच लागतं, त्यांना ही आपोआप उघडणारी यादी एका कमांडने बंद करता येते.

पुढच्या आठवड्यात लिनक्सकडे वळू. तिथे हेच काम ब्राउझरमधून करणारं कॉकपिट आहे. येण्याआधी जमलं तर एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर फेडोरा सर्व्हर बसवून ठेवा. कॉकपिट त्यात आधीपासून असतं आणि ९०९० या पोर्टवर भेटतं.