एकेक किलोचा हिशेब

उड्डाण म्हटलं की आपल्या नांदुऱ्यात आधी आठवतो तो महामार्गावरचा १०५ फुटी हनुमान. त्याने अख्खा द्रोणागिरी उचलला. लष्करी वैमानिकाला मात्र एकेक किलो मोजूनच निघावं लागतं. असं का, ते आज आपण पाहू.

लष्कराचं स्वतंत्र हवाई दल, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर, १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थापन झालं. त्याचे वैमानिक आपल्याच राज्यात, नाशिक रोडच्या प्रशिक्षण शाळेत तयार होतात. २५ मे २०२२ रोजी तिथेच कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या.

पुढे नेमणूक कुठेही होते, अगदी सियाचीनलासुद्धा. तिथल्या काही चौक्या ६,००० मीटरच्या आसपास आहेत. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात, म्हणून ते वर उचललं जातं. पण त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मी असते. ढकलायला हवा कमी, इंजिनालाही प्राणवायू कमी. साहजिकच चीता हेलिकॉप्टर तिथे थोडंच सामान नेऊ शकतं, फेऱ्या वाढतात. आपल्याकडे मे महिन्यात हवा तापली की तीही विरळ होते, उचल कमी होते. तत्त्व तेच.

आता समजा, वर एक जवान आजारी पडलाय. त्याला आणायचं तर जातानाच तेवढं वजन कमी ठेवावं लागतं. इंधन किती, सामान किती, हा हिशेब चुकला तर दोघंही अडकले. म्हणून अशा युनिटची कामगिरी नुसत्या पदकांवरून मोजू नये. सुखरूप खाली आलेला तो जवान आधी मोजावा, आणि उड्डाणापूर्वी यंत्र तपासून सही करणारा तंत्रज्ञही.