खोप्यातला घास

जुलैतला उघडिपीचा दिवस. भीमेच्या एका काठाला दौंड, दुसऱ्या काठाला शिरूर. दोन्हीकडच्या विहिरींवर बाभळी झुकलेल्या आणि त्यांच्या शेंड्यांना हिरवे खोपे लोंबत असलेले. शेजारच्या उसात पिवळ्या डोक्याचा एक नर उतरतो. पानाच्या कडेला बुडाशी चोचीनं खाच पाडतो, कड घट्ट धरतो आणि उडतो. त्या झटक्यानं पानाची दोऱ्याएवढी पट्टी सरळ सोलून निघते. बाभळीवर जाऊन तो ती पायाखाली दाबतो, ओवतो, ओढतो, की पुन्हा उसात. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत खेपा होतात.

मराठीनं या पक्ष्याला सुगरण म्हटलं. बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा बांधणारी 'ती'च आहे. विणकर मात्र नर.

पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला हा संसार दिवसेंदिवस बसून पाहिला. जर्मनीहून शिकून आल्यावर हाती नोकरी नव्हती, पण घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांच्या लक्षात आलं, की नर खोपा अर्धाच विणून थांबतो, उलट्या टोपीसारखा. मग माद्या येतात, आत शिरतात, धागे ओढून पाहतात. पसंत पडला तरच नर खालची नळी विणून खोपा पुरा करतो. मादी अंड्यांवर बसली, की तो दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे निरीक्षण १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. म्हणून आजही विहिरीवरची बाभूळ वाचता येते: नळीचा खोपा म्हणजे नांदतं घर, वाळून गेलेली अर्धी टोपी म्हणजे बहुधा नापसंती.

मादी नेमकं काय पाहते? पक्षी-अभ्यासक सुहेल कादर यांच्या २००६ च्या अभ्यासात खोप्याच्या विणकामापेक्षा जागेला अधिक वजन असल्याचं दिसलं. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाण्यावर झुकलेल्या बारीक, काटेरी फांदीच्या टोकापर्यंत सापाला पोचणं अवघड.

आता खाण्याचं. शिरूरकडची बाजरी किंवा दौंडची ज्वारी निसवली, की सुगरणींचे थवे कणसांवर उतरतात आणि माळ्यावर गोफण घेऊन बसावं लागतं. ते नुकसान खरंच असतं. पण खोप्यातल्या पिलाचं कोरड्या दाण्यावर भागत नाही. दोन-तीन आठवड्यांत अंगभर पिसं फुटून उडायचं, तर मऊ आणि कसदार घास हवा. म्हणून ऐन पावसाळ्यात मादीच्या चोचीत अळ्या, नाकतोडे, लहानसहान किडे दिसतात. ती ते बांधावरून आणि उभ्या पिकातून वेचते. नेमक्या त्या दिवसांत शेतात राखण नसते, म्हणून पक्ष्याच्या नावावर जमतो तो फक्त खाल्लेला दाणा.

पक्षी काय खातात याचा हिशेब पूर्वी पोट फाडून मांडत. बिहारमधल्या पुसा इथल्या कामाच्या आधारे मेसन आणि लेफ्रॉय यांनी १९१२ साली भारतातल्या पक्ष्यांच्या आहाराचा मोठा ग्रंथ काढला, तो बराचसा अशाच तपासणीवर. खोपा असेल तर पक्षी मारायचं कारणच नाही. विहिरीपासून बेतानं अंतर राखून दुर्बीण लावायची आणि मादी किती वेळा आली, चोचीत काय होतं, एवढं वहीत टिपायचं. शाळेतली मुलंही हे उत्तम करतात.

भोरड्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. रब्बी ज्वारी हुरड्यात आली, की गुलाबी-काळ्या भोरड्यांचे हजारोंचे थवे पडतात आणि शेतकरी डबे बडवून थकतो. या भोरड्या घरटं इथे करत नाहीत. त्यासाठी मध्य आशियात जातात आणि तिथे पिलांना टोळ भरवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात त्यांनी टोळ खावेत म्हणून माणसांनी दगडविटांची घरटी बांधून दिली आहेत. पक्षी तोच. दौंडचा शेतकरी त्याला हिवाळ्यात पाहतो, तिथला पशुपालक विणीच्या दिवसांत.

सुगरणीचं विणीचं घर मात्र इथलंच आहे, आणि तेच आक्रसतं आहे. बोअर आली, तशी विहीर मागे पडली. बांध कोरताना बाभूळ गेली, ओढ्याकाठची शिंदीही गेली. उसाचं पान विणायला आहे, पण टांगायला फांदी नाही. विहिरीवरची एक बाभूळ राखायला पैसा लागत नाही. तोडण्याआधी तिच्यावर नळीचे खोपे किती, एवढं तरी मोजावं.

दिवाळीपर्यंत नराचं पिवळं डोकं उतरतं आणि तो चिमणीसारखा भुरा होतो. पिलं थव्यात मिसळतात. बाभळीवरचे खोपे तोवर वाळून तपकिरी झालेले असतात, आणि त्यातल्या एखाद्यात मुनियांची जोडी ये-जा करताना दिसते.