पायथन भाषेतील एकओळी सशर्त पदावली : स्वरूप, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावली लिहिताना एखाद्या अटीनुसार दोन मूल्यांपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग वारंवार येतो. पायथन भाषेत हे काम चार ओळींच्या 'इफ' विधानाने करता येते, तसेच एका ओळीतील सशर्त पदावलीनेही करता येते. प्रस्तुत लेखात या पदावलीचा विचार निकालपत्रकाच्या उदाहरणांद्वारे केला आहे. उदाहरणांतील आरक्षित शब्द व अंक येथे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीतच लिहावे लागतात. चलांची नावे मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही देता येतात.

स्वरूप :
निकाल = "उत्तीर्ण" इफ गुण >= ४० एल्स "अनुत्तीर्ण"

येथे मधली अट प्रथम तपासली जाते. ती सत्य असल्यास डावीकडील, अन्यथा उजवीकडील पदाचे मूल्य काढले जाते. उरलेल्या पदाचे मूल्य काढलेच जात नाही. त्यामुळे 'बेरीज / संख्या इफ संख्या एल्स ०' या पदावलीत शून्याने भागण्याची चूक टळते. विधानात 'एल्स' ऐच्छिक असतो; पदावलीत तो अनिवार्य आहे, कारण पदावलीला प्रत्येक वेळी मूल्य असावेच लागते.

पार्श्वभूमी :
ही रचना पायथनमध्ये आरंभापासून नव्हती. त्या काळी 'अँड' व 'ऑर' यांच्या साहाय्याने पुढील युक्ती वापरली जात असे :

नोंद = उपस्थित अँड गुण ऑर "गैरहजर"

वरवर पाहता ही ओळ निर्दोष वाटते. परंतु पायथन शून्याला असत्य मानते. परिणामी परीक्षेस बसून शून्य गुण मिळालेल्या विद्यार्थ्यापुढे 'गैरहजर' अशी नोंद होते आणि संगणक चुकीची कोणतीही सूचना देत नाही. अशा चुका वारंवार घडत असल्याने २००३ मध्ये स्वतंत्र रचनेचा प्रस्ताव पुढे आला. त्यावरील मतदानात एकाही पर्यायाला स्पष्ट बहुमत मिळाले नाही. अखेर २००५ मध्ये भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी सध्याची रचना निश्चित केली व २००६ मधील २.५ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली.

मर्यादा :
एकूण = लेखी + अंतर्गत इफ सादर एल्स ०

बेरजेचा अग्रक्रम सशर्त पदावलीपेक्षा वरचा आहे. त्यामुळे अंतर्गत काम सादर न करणाऱ्या विद्यार्थ्याचे लेखी परीक्षेचे ६० गुणही येथे नाहीसे होऊन एकूण शून्य येते. 'लेखी + (अंतर्गत इफ सादर एल्स ०)' असा कंस दिल्यास हा दोष दूर होतो. तसेच चार-पाच श्रेणींसाठी एकात एक पदावल्या गुंफल्यास ओळ वाचणे कठीण होते; तेथे 'इफ' विधानच योग्य ठरते.

निष्कर्ष :
दोनच पर्याय, साधी अट व एकच मूल्य अशी स्थिती असेल तेथे ही पदावली उपयुक्त आहे. अध्यापन करताना केवळ तिची मांडणी न शिकवता शून्य गुण व गैरहजेरी यांसारख्या सीमेवरील उदाहरणांवर ती तपासून घेण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे आवश्यक आहे.