आधी पुंडलिक, मग विठ्ठल

पंढरपुरी चंद्रभागेत स्नान केलेला वारकरी प्रथम वाळवंटातील पुंडलिकाचे दर्शन घेतो, मगच विठ्ठलाकडे वळतो. भक्ताला देवाआधीचा हा मान का लाभावा? दारी आलेल्या देवाला पुंडलिकाने उभे राहण्यास वीट दिली. मातापित्यांची सेवा सोडून तो उठला नाही, अशी कथा आहे. याच पुंडलिकाने पूर्वी त्यांचा छळ केला होता, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याची सेवावृत्ती उपजत नव्हती. ती पश्चात्तापातून आलेली होती. म्हणूनच ती कोणालाही साध्य आहे. नित्यपूजेच्या वेळी आतून वृद्ध आईची हाक आली की कपाळाला आठी पडते. वस्तुतः पूजेची खरी कसोटी तिथेच लागते. देव विटेवर तिष्ठत उभा राहील. म्हातारपणाला तेवढी उसंत नसते.