एक मिलिग्रॅम गंध, पंचवीस परार्ध रेणू

पिंप्राळ्याहून सावखेड्याच्या रस्त्याला लागलं की जळगावची वस्ती मागे पडते आणि गिरणेच्या अंगाचं शिवार सुरू होतं. कपाशीला बोंडं धरायच्या दिवसांत एखाद्या वावरात काठीला बांधलेला कामगंध सापळा जवळून पाहावा. वर प्लास्टिकचं झाकण, त्याखाली नरसाळं आणि नरसाळ्याला बांधलेली लांब पिशवी. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची छोटी बुचासारखी ल्यूर अडकवलेली असते. ती नाकाजवळ नेली तरी आपल्याला फार तर रबराचा वास येतो. पिशवीत मात्र सकाळी नखाएवढे तपकिरी पतंग पडलेले असतात आणि आतल्या बाजूला त्यांच्या पंखांची भुकटी चिकटलेली असते. सगळेच्या सगळे नर, गुलाबी बोंडअळीचे.

त्या रबरात भरलेल्या द्रव्याचं वजन मिलिग्रॅमात मोजतात. मादी पतंग रात्री पोटाच्या टोकाच्या ग्रंथीतून जो गंध सोडते, त्याची ही कारखान्यात केलेली प्रत. नाव गॉसिप्ल्यूर. १९६० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी या गंधाची रचना सापडल्याचं जाहीर केलं होतं, पण ते द्रव्य वावरात नेलं तर नर तिकडे फिरकेनात. खरी रचना १९७३ मध्ये कळली. गंध एका रेणूचा नव्हताच, निम्म्या-निम्म्या प्रमाणात दोन रेणूंचा होता. दोघांतही कार्बनचे १८, हायड्रोजनचे ३२ आणि ऑक्सिजनचे २ अणू, जोडणीचा क्रमही तोच. फरक एवढाच, की साखळीतल्या एका दुहेरी बंधापाशी एक रेणू वाकतो आणि दुसरा सरळ जातो. एवढासा बाक नराच्या मिशीला ओळखता येतो.

कीटकांच्या कामगंधाची अशी रचना पहिल्यांदा उलगडली ती १९५९ मध्ये, रेशीमकिड्याच्या पतंगात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी त्यासाठी सुमारे वीस वर्षं घालवली. ५ लाख माद्यांच्या गंधग्रंथी गोळा केल्या आणि त्यातून शुद्ध द्रव्य हाती आलं ते जेमतेम १२ मिलिग्रॅम. त्याला बॉम्बिकॉल म्हणतात. पाच लाख जिवांमागे बारा मिलिग्रॅम! पण तेवढ्यात रेणू किती, हे मोजायला बसलं की आकडे उलट्या बाजूनं धावतात. बॉम्बिकॉलच्या एका मिलिग्रॅममध्ये सुमारे २५ परार्ध रेणू असतात.

परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यांच्या नावांची शिडी परार्धापाशी संपते, आणि त्या भास्कराचार्यांचं नातं आपल्याच जिल्ह्याशी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि तसा १२०७ चा शिलालेख तिथं कोरला. ‘लीलावती’त एक गणित भुंग्यांचंही आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीकडे गेलं, मग आठ-नवमांश थवाही गेला. उरलेली एक भुंगी, कमळाच्या सुवासाला भुलून रात्री आत अडकलेल्या भुंग्याला बाहेरून साद घालते आहे. भुंगे किती? उत्तर ७२. गंधानं ओढला जाणारा आणि त्यापायी अडकणारा कीटक आणि त्याची मोजदाद, हे दोन्ही आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका गणितात आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता दुसरं टोक बघू. रेशीमकिड्याच्या नराला चाळवायला हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये बॉम्बिकॉलचे हजारेक रेणू पुरतात. त्याच घन सेंटिमीटरमध्ये हवेचे स्वतःचे रेणू असतात सुमारे २५० परार्ध. म्हणजे अडीचशे कोटी कोटींमागे एक. एवढ्या सरक्यांचा ढीग घातला, एक सरकी दशांश ग्रॅमची धरली, तर त्याचं वजन २५० कोटी टन भरेल. सगळ्या जगात वर्षाला चारेक कोटी टन सरकी निघते. साठ वर्षांची जगभराची सरकी एका ठिकाणी ओतली आणि त्यात एक दाणा वेगळा टाकला, तर तो या पतंगाला कळतो.

हाच हिशेब पसरून पाहिला तर आणखी थक्क व्हायला होतं. घन सेंटिमीटरला हजार रेणू या दरानं एक मिलिग्रॅम बॉम्बिकॉल अडीच घन किलोमीटर हवेला पुरेल. जमिनीपासून दहा मीटर उंचीपर्यंतची हवा धरली तर २५० चौरस किलोमीटर, म्हणजे पिंप्राळ्यासकट सगळ्या जळगाव शहराच्या साडेतीन पट. प्रत्यक्षात वारा गंध असा सारखा पसरू देत नाही. त्याचे धागे होतात, तुटतात, भोवऱ्यात सापडतात. पण कपाशीत ज्या शत्रूशी गाठ पडली आहे तो किती बारीक मापाचा, हे यावरून कळतं.

हे मोजणारं यंत्र म्हणजे मिशा. रेशीमकिड्याच्या नराच्या एकेका मिशीवर बॉम्बिकॉल टिपणारे सुमारे १७,००० केस असतात. प्रत्येक केसाच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रं. गंधाचा रेणू छिद्रातून आत शिरतो, आतल्या द्रवातली प्रथिनं त्याला उचलून मज्जापेशीपर्यंत नेतात आणि पेशीच्या पडद्यावरचा ग्राहक त्याला पकडतो. कीटकांचा हा ग्राहक स्वतःच दार असतो. रेणू बसला की दार उघडतं, विद्युतभारित कण आत येतात आणि संदेश निघतो. कार्ल-एर्न्स्ट काइसलिंग आणि एर्न्स्ट प्रीस्नर यांनी १९७० मध्ये दाखवलं की बॉम्बिकॉलचा एकच रेणू एक मज्जासंदेश उठवायला पुरतो. त्याच्या खाली मोजायला काही उरतच नाही, कारण अर्धा रेणू नसतो. दोन्ही मिशांच्या ३४,००० केसांतून सेकंदाभरात दोनेकशे जादा संदेश मेंदूत पोचले की नर पंख फडफडवू लागतो.

उडणाऱ्या पतंगाचं काम याहून अवघड. गंध वाऱ्यावर तुटक झुळकांनी येतो. झुळूक लागली की नर वाऱ्याच्या तोंडावर झेपावतो, तुटली की आडवा इकडून तिकडे हिंडतो आणि पुन्हा धागा सापडला की पुढे. धान्याच्या गोदामातल्या एका जातीच्या पतंगाची मिशी सेकंदाला ३३ झुळका वेगवेगळ्या ओळखते. 

कुठला वास ओढणारा आणि कुठला पळवून लावणारा, हे वासावर ठरत नाही, घेणाऱ्यावर ठरतं. बिहारमधल्या पुसा इथं फ्रँक हॉलेट हे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्यानं डास दूर राहावेत म्हणून सिट्रोनेला तेल लावलेला रुमाल वापरला, तर त्याच्याभोवती माश्यांचं मोहोळच जमलं. त्या फळमाश्या होत्या, आणि सगळ्या नर. हॉलेट यांनी १९१२ मध्ये हे छापलं आणि पुढे त्यातलं मिथाइल युजेनॉल हे द्रव्य हुडकलं. आज आंबा-पेरूच्या बागांत फळमाशीच्या सापळ्यांत तेच असतं. पहिल्या पावसाच्या मातीचा वासही असाच. तो देणारं जिओस्मिन पाण्यात लाख कोटी भागांमागे पाच-दहा भाग असलं तरी आपल्याला कळतं आणि जीव सुखावतो. केळावर घोंगावणारी चिलटमाशी मात्र त्यापासून पळते, कारण तिच्यासाठी तो विषारी बुरशीचा इशारा आहे. त्या एका वासासाठी तिच्याकडे एक खास ग्राहक आहे, तो दुसऱ्या कशालाच दाद देत नाही. आणि डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी घालायला त्याच वासाकडे येते.

पुन्हा कपाशीकडे येतो, कारण इथं आकड्यांवर घरं चालतात. बीटी कपाशी भारतात २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळीनं दोन्ही पचवली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रानं तिचा तडाखा पाहिला. डोमकळी झालेली फुलं, आतून पोखरलेली बोंडं, वेचणीला हाती येणारी कवडी. मादी दीडशे अंडी घालते असं धरू, निम्म्या माद्या, आणि सगळी जगली असं समजू. चौथ्या पिढीला एका मादीमागे सहा कोटींहून जास्त अळ्या होतात. बहुतेक मरतात हे खरं, पण शंभरात दहा-पंधरा जगल्या तरी हंगाम हातचा जातो.

म्हणून हेक्टरी ५ सापळे लावा, असं कृषी खातं सांगतं. एका सापळ्यात सलग तीन रात्री ८ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार करा. ही शिफारस चांगली आहे, पण ती कशासाठी आहे हे नीट सांगितलं जात नाही, आणि मला ते खटकतं. हेक्टरी पाच सापळे किडीची खबर देतात, कीड संपवत नाहीत. १०० नरांतले ९० पकडले तरी उरलेले १० एकाहून अधिक माद्यांशी संग करतात. शेजारच्या वावरात मीलन झालेली मादी उडून आली, तर तिला सापळ्याशी काही देणंघेणं नसतं, कारण सापळा मादीच्या वासाचा आहे. ती सरळ आपल्या कपाशीवर अंडी घालते.

एकट्यानं भागत नाही ते सगळ्यांनी मिळून होतं, हे अमेरिकेनं दाखवलं. गॉसिप्ल्यूर हवेत इतकं पसरवायचं की नराला खरी मादी सापडूच नये, या पद्धतीला तिथं १९७८ मध्ये परवानगी मिळाली. कामगंधाच्या अशा वापराला मिळालेली ती तिथली पहिलीच. पुढे बीटी कपाशी, हा गंध आणि २००६ ते २०१४ या काळात विमानांतून सोडलेले ११०० कोटी वांझ पतंग, असं सगळं एकदम वापरून २०१८ मध्ये त्यांनी ही अळी कपाशीच्या पट्ट्यातून हद्दपार केल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे विमानं नाहीत आणि वावरं एकरा-दोन एकरांची. पण ५०० हेक्टर कपाशीच्या गावाला खबरीचे २,५०० सापळे पुरतात, आणि ते एकाच आठवड्यात लागले तर पतंग कुठल्या बाजूनं येतात ते आठवड्याभरात कळतं. जिनिंगच्या आवारात वेगळे हवेत, कारण वेचलेल्या कापसाबरोबर सरकीतल्या अळ्याही तिथं येतात आणि त्यांचे पतंग आसपासच्या शिवारात उडतात. ल्यूर बदलताना हाताला तंबाखू, अत्तर, औषध काही नको, नाहीतर मिलिग्रॅमाच्या हिशेबात त्या वासाची भेसळ होते. आणि फरदडीचा मोह सोडून डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढली, लागवड जूनमध्ये पावसावर केली, तर उन्हाळ्याच्या शेवटी कोषातून निघालेल्या पतंगांना अंडी घालायला शिवारात एकही पाती मिळत नाही.